मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी पॉक्सोसारखा कडक कायदा असूनही आरोपी सुटतात कसे? मुलं खोटं बोलतात की पोलीस तपासात कमी पडतात?

तुम्ही दोनच कारणं दिलीत. तिसरं मी सांगते. पुष्कळदा खटला कोर्टात उभा राहण्याआधीच मोठी माणसं तो घालवतात. त्या मोठ्या माणसांत मीही होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. २०१६ च्या जुलैत चौथीतली एक मुलगी खिचडीला न जाता माझ्या टेबलापाशी उभी राहिली. "बाई, काकांना सांगा ना, आमच्याकडे झोपायला येऊ नका म्हणून." बाकीचं तुकड्यातुकड्यांनी कळलं. काका म्हणजे मावशीचा नवरा. मुलीला वडील नव्हते. राहतं घर त्या माणसाचं, किराणाही तोच भरायचा.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. आधी आईला बोलावू, आपल्यातच बघू." मी ऐकलं. आठ दिवस गेले. आई दोनदा शाळेत आली, रडली, घरी गेली आणि त्या माणसाला सगळं कळलं. नवव्या दिवशी मी एकटी पोलीस ठाण्यात गेले. असं काही कळलं की पोलिसांना सांगणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे, न सांगणाऱ्याला कलम २१ मध्ये शिक्षा आहे, हे मला तिथल्या ठाणे अंमलदाराने सांगितलं. ३१ वर्षांच्या नोकरीत कुठल्याही प्रशिक्षणात ते कानावर आलं नव्हतं.

पोलिसांना मी दोष देणार नाही. महिला फौजदार साध्या साडीत आल्या, माझ्या घरी बसून जबाब घेतला, मॅजिस्ट्रेटपुढचा कलम १६४ चा (आता नव्या संहितेत कलम १८३) जबाबही लगेच झाला. पुढे मात्र तारखाच तारखा. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण, असं कायद्यात लिहिलंय. हिची साक्ष झाली डिसेंबर २०१८ मध्ये, ती सहावीत असताना. तोवर तो जामिनावर बाहेर आणि मायलेकी त्याच्याच घरात.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या खोलीत पडदा होता. व्हरांड्यात नव्हता. आम्ही बाकावर बसलो होतो, तो समोर येऊन म्हणाला, "काय गं, अभ्यास चाललाय ना नीट?" तिने माझा पदर धरला तो पुकारा होईपर्यंत सोडला नाही. आत न्यायाधीश प्रेमाने विचारत होते, वकिलाचे प्रश्नही त्यांच्यामार्फतच येत होते. पण अडीच वर्षांनी मूल काय सांगणार? वार कोणता, दिवा चालू होता का, अंगावर चादर होती की गोधडी? आधीच्या जबाबात चादर होती, कोर्टात ती गोधडी म्हणाली. झाली विसंगती. वैद्यकीय अहवालात इजा नाही. हात लावल्याची इजा कुठून दिसणार? कलम ७ मध्ये लैंगिक हेतूने केलेला नुसता स्पर्शही गुन्हा आहे, तरी 'इजा नाही' या ओळीवर अर्धा तास युक्तिवाद झाला. आई फितूर झाली. "बाईंनी सांगितलं म्हणून सही केली," म्हणाली. आणि माझ्या उलटतपासणीत वकिलाने विचारलं, "आठ दिवस काय करत होतात? मुलीला पढवत होतात ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१९ मध्ये संशयाचा फायदा मिळून तो सुटला.

कलम २९ मुळे निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करायचं असतं, असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आधी सरकार पक्षाला घटनेचा पाया उभा करावा लागतो आणि तो पाया बहुतेक वेळा एकटं मूल असतं. फाशी द्या म्हणणाऱ्यांनाही सांगते, अतिगंभीर गुन्ह्यांसाठी ती २०१९ मध्येच कायद्यात आली. आरोपीच घर चालवत असेल, तर शिक्षा जेवढी मोठी तेवढी आई लवकर गप्प होते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर मुलाचे शब्द त्याच दिवशी, जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. १०९८ ला फोन करा. बालकल्याण समितीकडे साहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणारं माणूस, मागा आणि कोर्टात बसायला वेगळी खोली मागा. आम्ही मागितली नाही. आणि कुणी "आपल्यातच बघू" म्हणालं, तर तिथून उठा.

मी वकील नाही, हे एकाच खटल्यावरून लिहितेय. खोट्या तक्रारीही असतात. सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून निघून गेली म्हणून बापाने केलेल्या केसेसही सुटलेल्यांच्या आकड्यात येतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, असं उच्च न्यायालयाने विचारलं, तेव्हा ती बातमी मी आमच्या मुख्याध्यापकांना पाठवली. ते अजून लग्नाकार्यात सांगतात, "बाईंची ती केस खोटी निघाली." सर, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर ऐका. निकालाची नक्कल माझ्याकडे आहे, १९ पानं. मुलगी खोटं बोलली असं त्यात एकाही ओळीत नाही. आठ दिवसांच्या उशिराचा उल्लेख मात्र तीन ठिकाणी आहे. पत्ता कळवा, झेरॉक्स पाठवते.