पोलीस झाडाआड असोत, पाटी मात्र उघड्यावर हवी

वाचकांचे प्रश्न : रस्ता आणि कायदा

आमच्या गावाबाहेर चौपदरी रस्त्याला उतार आहे. उतार संपतो तिथे पोलिसांची गाडी झाडाआड उभी असते, पुढे जाईपर्यंत दिसत नाही. तीन दिवसांनी मोबाइलवर चलान येतं. अपघात टाळायचे असतील तर पोलिसांनी सरळ समोर उभं राहावं. लपून पकडणं हा सापळाच झाला ना? (एक वाचक, सातारा)

लपण्याला आमचा आक्षेप नाही. पोलिसांची गाडी दिसेल अशीच उभी असली तर काय होतं, ते कुठल्याही महामार्गावर पाहायला मिळतं. पुढची गाडी करकचून ब्रेक मारते, मागच्याची धांदल उडते आणि पाचशे मीटर पुढे गेलं की सगळे पुन्हा पूर्वीच्याच वेगात. म्हणजे वेग आटोक्यात राहतो तो तेवढ्या पाचशे मीटरांपुरता. तपासणी नेमकी कुठे आहे हे माहीत नसेल तर माणूस पूर्ण पट्ट्यात पाय आवरता घेतो.

वेगाचा हिशेबही एकदा मांडून पाहा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू, आणि रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी 100 ने जाणारी गाडी साधारण 97 मीटरांत थांबते, 120 ने जाणारीला 129 मीटर लागतात. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरी अजून ताशी 75 च्या वर धावत असते. मध्ये रस्ता ओलांडणारी म्हातारी असेल तर फरक एवढा आहे.

तुमच्या तक्रारीत दम आहे तो उतारामुळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार राज्य सरकारला एखाद्या रस्त्यावर नेहमीपेक्षा कमी वेगमर्यादा घालता येते. पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि योग्य जागी पाटीही लागते. (बंधन महिन्याभराचं किंवा त्याहून कमी असेल तर अधिसूचनेची गरज नाही, पाटी मात्र तरीही हवी.) ही पाटी म्हणजे लाल कडेचं गोल वर्तुळ आणि आत काळा आकडा. शिवाय 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167ए हा नियम आला. त्यात कॅमेऱ्याबरोबर स्पीडगनही (गाडीवर रोखून वेग मोजायचं यंत्र) येते, आणि पुढचा पट्टा देखरेखीखाली आहे हे सांगणारा फलक त्या पट्ट्याच्या आधी ठळकपणे लावायला सांगितलं आहे. म्हणजे यंत्र झाडाआड असलं तरी चालेल, पट्टा जाहीर हवा.

आता तुमच्या उतारावर जाऊन बघा. मर्यादा 100 वरून एकदम 60 वर येते का? 100 वरून 60 वर यायला हलक्या ब्रेकने सपाट रस्त्यावरसुद्धा सव्वाशे मीटर लागतात. उतारावर नुसता ॲक्सिलरेटर सोडून भागत नाही, गाडी ओढतच राहते. पाटी वळणाच्या तोंडाशी, बाभळीच्या फांदीमागे किंवा जाहिरातीच्या फलकाखाली असेल आणि तिच्यापुढे शंभर मीटरवर स्पीडगन लावली असेल, तर तो सापळाच. तशा पाटीचे फोटो काढा. एक 200 मीटरांवरून, एक 100 वरून आणि एक पाटीच्या पायथ्याशी. रस्ता ज्या खात्याचा असेल त्याच्याकडे आणि महामार्ग पोलिसांकडे एकाच मजकुराचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फांदी छाटणं आणि पाटी मागे सरकवणं ही फार मोठी कामं नाहीत.

काट्यावर 95 होतं आणि चलानावर 104. स्पीडगन चुकते का? (एक वाचक, नाशिक)

चुकू शकते. पण आधी तुमचा काटा. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवेल असाच बनवतात, कमी दाखवलेला चालत नाही. म्हणजे काटा 95 वर असेल तर खरा वेग बहुधा 90 ते 93 असतो. त्यामुळे तुमच्या चलानातला फरक दिसतो त्याहून मोठा आहे. अपवाद एकच, टायर बदललेत का? 195/65 आर 15 च्या जागी 205/65 आर 16 बसवले तर चाकाचा व्यास सुमारे 6 टक्क्यांनी वाढतो आणि काटा तेवढाच मागे राहतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर काटा 80 वर अर्धा मिनिट स्थिर ठेवा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायला सांगा. तेवढ्यात काट्याची खोड कळते.

आता गन. लेझर गन गाडीवर प्रकाशाचे ठोके पाठवते, ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढते आणि साधारण एक तृतीयांश सेकंदात ते अंतर किती घटलं यावरून वेग सांगते. गन रस्त्याच्या कडेला तिरपी उभी असली तर वेग कमी दिसतो, जास्त नाही. 10 अंशांचा कोन असेल तर खऱ्या 100 चे 98.5 होतात, 20 अंशांना 94. म्हणून 'गन तिरकी होती' हा बचाव तुमच्याच विरोधात जातो.

खरा घोळ हात हलण्याने होतो. ठोका आधी काचेवर पडला आणि मोजणी संपेपर्यंत नंबर प्लेटवर घसरला, तर एक मीटर अंतर फुकट घटतं. तेवढ्या वेळात एक मीटर म्हणजे ताशी जवळपास 11 किलोमीटर जास्त! चांगली गन असे विषम आकडे स्वतःच बाद करते, आणि गन तिकाटण्यावर किंवा गाडीत पक्की बसवलेली असेल तर ही चूक जवळजवळ होत नाही. दुसरी चूक शेजारच्या गाडीची. लेझरचा ठिपका 300 मीटरवर साधारण मीटरभर रुंद असतो, त्यामुळे गाडी ओळखता येते. रडारचा झोत फार पसरतो, त्यात मागून वेगाने येणारी मोठी बस तुमच्या नावावर पडू शकते. चलानातला फोटो उघडून नेमखूण (गनने नेम धरल्याची खूण) तुमच्याच गाडीवर आहे का, ते बघा.

यंत्राची दरवर्षी तपासणी आणि प्रमाणपत्र 167ए मध्येच बंधनकारक आहे. 1 जुलै 2025 पासून वेगमापक रडारही वैधमापन शास्त्राच्या नियमांखाली आलं, म्हणजे किराणा दुकानातल्या काट्यासारखी पडताळणी आणि शिक्का त्यालाही लागतो. किलोला पन्नास ग्रॅम मारलेले आपण खपवून घेत नाही, मग दंड ठोकणाऱ्या यंत्राचा शिक्का विचारायला संकोच कशाला?

चलान चुकीचं वाटलं तर करायचं काय? (एक वाचक, नांदेड)

एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. चलानाच्या नावाखाली एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून खातं रिकामं करण्याचे प्रकार सर्रास चालतात. महाट्रॅफिक ॲप स्वतः उतरवून घ्या, नाहीतर gov.in ने संपणाऱ्या राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर जा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की चलान उघडतं.

चलानात पाच गोष्टी असायला हव्यात : नंबर प्लेटसह स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण, कुठलं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. यातलं जे नाही ते तक्रारीत नाव घेऊन लिहा. 'माझ्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलेली तक्रार कोणी वाचत नाही. 'फोटोत माझ्या शेजारी ट्रक आहे, नेमखूण ट्रकवर आहे' ही वाचली जाते. यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीखही मागा. तक्रार फेटाळली तर प्रकरण न्यायालयात नेता येतं. तिथे कलम 183 ची एक तरतूद कामाची आहे : एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर वेगाच्या गुन्ह्यात दोषी धरता येत नाही, मोजमाप यंत्राचं लागतं.

तक्रार मनापासून असेल तर दंड आधी भरू नका. भरला की प्रकरण मिटलं असं धरलं जातं. कारला कलम 183 खाली 1000 ते 2000 रुपये दंड आहे, मध्यम आणि जड वाहनांना 2000 ते 4000. दुसऱ्यांदा सापडलात तर परवाना जप्त होऊ शकतो, म्हणून पहिलं चुकीचं चलान 'जाऊ दे' म्हणून भरून टाकू नये.

गाडी धाकटा भाऊ चालवत होता, चलान माझ्या नावावर आलं. (एक वाचक, कोल्हापूर)

गाडी तुमच्या नावावर, म्हणून चलानही. कलम 133 प्रमाणे चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मालकावर बंधनकारक आहे. भावाचं नाव आणि परवान्याची माहिती लेखी द्या.

द्रुतगती मार्गावर कॅमेरा दिसला की वेग कमी केला, तरी चलान आलं! (एक वाचक, पुणे)

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून सरासरी वेगही मोजला जातो. कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधलं अंतर भागिले लागलेला वेळ, इतकंच गणित. 10 किलोमीटर 5 मिनिटांत कापले की सरासरी 120 झाली, कमानीखालून तुम्ही 80 ने गेलात तरी. कारला सपाट भागात मर्यादा 100, घाटात 60. वेग कमी करायचा तर तो दोन कमानींच्या मधल्या अंतरात.