रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणक-बोर्डावर सीमेक (सॉफ्टवेअर बिल्ड करण्याचे साधन) सोर्समधून कंपाइल करताना बिल्ड मध्येच ‘किल्ड’ होऊन थांबतो. बोर्डावर कंपाइल करणेच चुकीचे आहे का?

चुकीचे नाही. ‘एवढ्याशा बोर्डावर कंपाइल करणे मूर्खपणाचे आहे, लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल कर’ (म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी कंपाइल कर) असे सगळे सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. हा सल्ला मलाही मिळाला होता आणि तो मला तेव्हाही पटला नव्हता.

पाय ३ ला रॅम १ जीबी असते. बिल्ड चालवणाऱ्या मेकला ‘-जे४’ (एकाच वेळी चार जॉब) दिले की कंपायलरच्या चार प्रक्रिया एकाच वेळी सुरू होतात, सीमेकच्या सी++ मधील जड फाइलींना प्रत्येकी काहीशे एमबी लागू शकतात आणि मेमरी संपली की कर्नल त्यांपैकी एखादी प्रक्रिया मारून टाकतो. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ची नोंद दिसेल. म्हणून जॉब एकच ठेवा, स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी कार्डावरील जागा, वाढवा (जुन्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये ती जेमतेम १०० एमबी असते) आणि मेक क्लीन न करता तोच मेक पुन्हा चालवा. आधी तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली शिल्लक असतात, त्यामुळे काम जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू होते.

आमच्या बोर्डावर बुल्सआय या आवृत्तीची ३२ बिट रास्पबेरी पाय ओएस होती. तिच्या पॅकेजांमध्ये सीमेक ३.१८ मिळत असे, आणि आम्हाला हव्या असलेल्या एका लायब्ररीला त्याहून नवी आवृत्ती लागत होती. सीमेकच्या लिनक्ससाठीच्या अधिकृत तयार बायनरी एक्स८६ आणि ६४ बिट आर्म यांच्यासाठी असतात; ३२ बिट आर्मसाठी नसतात. मी बोर्डावरच बिल्ड लावतो म्हटल्यावर एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी सर्वांसमोर सांगितले की हा वेळेचा अपव्यय आहे, आणि आपल्या नव्या उबुंटूवर क्रॉस कंपाइल करून बायनरी बोर्डावर टाकली. ती सुरूच झाली नाही; ‘जीलिबसी २.३४ सापडले नाही’ असा संदेश आला. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरील प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी; बुल्सआयमध्ये ती २.३१ आहे. २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्ती-शिक्का मिळाला, त्यामुळे त्या किंवा त्यानंतरच्या जीलिबसीशी जोडलेला अगदी साधा प्रोग्रॅमसुद्धा जुन्या प्रणालीवर चालत नाही. त्यांनी मग स्टॅटिक लिंकिंग (लायब्ररी बायनरीतच भरणे) करून पाहिले, तेथे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने अडवले, त्यानंतर बोर्डासारखी जुनी प्रणाली लॅपटॉपवर मिळावी म्हणून कंटेनर उभारण्याचे काम सुरू झाले.

तोपर्यंत मी बोर्डावर टीमक्समध्ये एका जॉबचा बिल्ड लावून ठेवला होता. टीमक्स अशासाठी, की एसएसएच (बोर्डाशी दुरून केलेली जोडणी) तुटले तर बिल्डही तुटू नये. सीमेकची बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट आधी बोर्डाच्याच कंपायलरने एक छोटे सीमेक बांधते आणि मग त्या छोट्या सीमेककडून पूर्ण सीमेकची जुळणी करून घेते. म्हणजे कंपायलर, हेडर फाइली आणि लायब्ररी यांची परीक्षा ज्या यंत्रावर साधन वापरायचे आहे त्याच यंत्रावर होते. माझा बिल्ड ओपनएसएसएलच्या हेडर फाइली नसल्यामुळे सुरुवातीलाच थांबला, मी त्यांचे डेव्हलपमेंट पॅकेज टाकले आणि तो पुढे गेला. सकाळी सीमेक तयार होते आणि कंटेनरचे काम अजून चालूच होते. तरीही ‘रात्रभर लागली ना’ हेच ऐकावे लागले. रात्रभर बोर्ड राबला होता, मी नव्हे, आणि हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी इतरांच्या वेळेचा हिशेब मांडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मेमरीची अडचण दूर करूनही बिल्ड थांबत असेल, तर तो कोठे थांबतो ते पाहा. एकाच फाइलवर दर वेळी थांबत असेल तर बहुधा मेमरी किंवा सोर्स. दर वेळी वेगळ्या फाइलवर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ येत असेल तर बोर्डाला वीज देणाऱ्या अडॅप्टरवर संशय घ्या. बोर्डावरील व्हीसीजेनकमांड या कमांडला थ्रॉटलिंगची (वेग कमी केल्याची) स्थिती विचारली की व्होल्टेज कमी पडले होते का, ते कळते. मध्येच वीज गेली असेल तर शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून काढून टाका. मेक त्यांना पूर्ण झालेल्या समजतो आणि लिंकर शेवटी अडतो. पाय ३ ला बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, म्हणून नेटवर्कवरून वेळ जुळल्याशिवाय बिल्ड सुरू करू नका. मेकचा सगळा निर्णय फाइलींच्या वेळेवर असतो आणि घड्याळ मागे असले की ‘क्लॉक स्क्यू’चा इशारा येतो. इन्स्टॉल झाल्यावर जुनीच आवृत्ती दिसली तर शेलने जुना मार्ग लक्षात ठेवलेला असतो. नवे टर्मिनल उघडा.

तुम्ही ओएस ३२ बिट आहे की ६४ बिट ते लिहिलेले नाही, आणि हे आधी पाहायला हवे. यूनेम या कमांडवर विसंबू नका, कारण कर्नल ६४ बिट आणि बाकी प्रणाली ३२ बिट असे असू शकते. पॅकेजे सांभाळणाऱ्या डीपीकेजीला आर्किटेक्चर विचारा. उत्तर ‘आर्म६४’ आले तर अधिकृत तयार बायनरी घ्या. नोडसारखे साधन, ज्यात व्ही८ हे जावास्क्रिप्टचे मोठे इंजिन आहे, ते १ जीबीवर बांधण्याच्या भरीस मीही पडणार नाही. आणि तेच साधन अनेक बोर्डांवर वारंवार पोहोचवायचे असेल तर क्रॉस कंपाइलच योग्य आहे, मात्र त्यासाठी सिसरूट (लक्ष्य प्रणालीच्या हेडर फाइली आणि लायब्ररींचा संच) त्या बोर्डांच्याच आवृत्तीचे घ्यावे लागते. आमच्याकडे नेमके तेवढेच केले गेले नव्हते.