दिवसभर काम आणि रात्रभर ड्रायव्हिंग

पत्र: उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ६०० किलोमीटर दूर जाणार आहोत. गाडीत आम्ही दोघं, नऊ आणि तीन वर्षांची मुलं आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सासूबाई. ऊन टळावं म्हणून ऑफिसातून आल्यावर रात्री नऊला निघायचं, असं यांनी ठरवलंय. मी काही बोलले की म्हणतात, ‘तू फार घाबरट आहेस.’ मला गाडी चालवता येत नाही. मग गप्प बसू का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

गप्प बसू नका. स्टिअरिंग तुमच्या हातात नसलं, तरी त्या गाडीत तुमची मुलं आहेत आणि तुम्हीही आहात.

ऊन टाळण्याचा त्यांचा विचार चांगलाच आहे. पण त्यासाठी ते झोपेवर पाणी सोडताहेत. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरापर्यंत १७ तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर माणसाचं लक्ष आणि हातांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना १९९७ मध्ये आढळलं. आणि यांचा निम्म्याहून जास्त रस्ता त्यानंतरचा आहे! पहाटे दोन ते सहा या वेळात तर शरीराला सगळ्यात जास्त झोप येते. ताशी १०० किलोमीटर वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी १११ मीटर जाते. तेवढा वेळ ती कुणीच चालवत नसतं. चहा, गाणी, उघडी खिडकी यांनी झोप जात नाही.

ऊन आणि झोप, दोन्ही सांभाळता येतात. त्या रात्री सगळ्यांनी लवकर झोपा, पहाटे पाचला निघा. दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबा. दुपारच्या आत मुक्काम गाठा आणि उरलेला रस्ता दुसऱ्या दिवशी कापा. एक दिवस वाढेल, वाढू द्या.

हे बोलायची वेळ मात्र नीट निवडा. सामान भरताना नको, मुलांसमोर तर नकोच. आज-उद्याच निवांत बसून सांगा, ‘तुमच्या ड्रायव्हिंगवर माझा विश्वास आहे, पण दिवसभर काम करून तुम्ही दमलेले असाल.’ भीती वाटते एवढंच सांगितलंत, तर ते पुन्हा घाबरट म्हणतील. तासांचा हिशेब मांडलात, तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

आधीच्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये दाखवून आणा. कूलंट, ब्रेक, बॅटरी ते बघतील. टायरकडे मात्र स्वतः लक्ष द्या, स्टेपनीसकट. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो आणि तापलेल्या रस्त्यावर फुटू शकतो. हवा टायर थंड असताना तपासायची. किती भरायची हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असेल, तर तुम्हाला तोच लागेल. वाटेत इंजिन तापलं, तर सावलीत थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणालाही उघडू देऊ नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

धाकट्याला मांडीवर घेऊ नका, कितीही रडला तरी. धडकेत कुणाच्याही हातांची पकड टिकत नाही. त्याच्यासाठी मागच्या सीटवर चाइल्ड सीट हवी, थोरल्यालाही उंचीप्रमाणे बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, लागू शकतो. मागे बसलेल्या सासूबाईंनाही बेल्ट लावाच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. गोळ्या मनाने बंद करू नका. औषधं डिकीत न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवा आणि गाडीतून उतरताना ती पिशवी सोबत घ्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना किंवा सासूबाईंना बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतली हवा दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते, काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं.

प्रवासात तुम्ही पुढच्या सीटवर बसा आणि घड्याळ तुमच्याकडे ठेवा. दोन तास झाले की थांबायचं, हे तुम्ही सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, एवढं निघण्याआधीच दोघांत ठरवून टाका.

तुमची ताई