मलेरिया नसलेल्या शहरात मलेरियाचा अभ्यास

तुझं पत्र सावकाश वाचलं. ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते. डासांमुळे पसरणाऱ्या रोगांवर संशोधन करायचं तर ब्रिटनला यावं की युरोपात, आधी एमएस्सी करावी की थेट पीएचडी, आणि जंतूंची भीती वाटते का, असं विचारलंयस. मी आठ वर्षं लिव्हरपूलमध्ये मलेरियाच्या डासांवर काम करतेय, त्यामुळे उत्तरात मलेरियाच जास्त येईल.

आधी एक उलट प्रश्न. ‘रोगप्रसारावर काम करायचंय’ असं तू लिहिलंस, पण दिवसभर हातात काय धरायचंय? डास, रुग्ण की आकडे? तिन्ही कामांना लोक रोगप्रसारच म्हणतात आणि तिन्हींचं आयुष्य अगदी वेगळं असतं.

उदाहरण देते. मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेली डासाची मादी लगेच धोकादायक नसते. परजीवी तिच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात, थंडी असेल तर आणखी. बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. समज, रोज शंभरातल्या नव्वद जगतात. मग दहा दिवसांनी पस्तीस उरतील. रोज ऐंशीच जगल्या तर उरतील फक्त अकरा. रोजचं जगणं थोडंसं कमी केलं की प्रसार एक तृतीयांशावर. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉसने सुरू केलेलं हे गणित मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्डने १९५०च्या दशकात पुढे नेलं. अळ्या मारण्यापेक्षा प्रौढ डासाचे दिवस कमी करणं का भारी पडतं, हे त्यातून कळतं. घरातली फवारणी आणि औषध लावलेली मच्छरदाणी त्याच तत्त्वावर चालतात.

आता मादीचं वय ओळखायचं कसं? अंडाशय पाण्याच्या थेंबात काढायचं, वाळू द्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरच्या बारीक श्वासनलिकांची टोकं बघायची. टोकं लोकरीच्या गुंड्यांसारखी गुंडाळलेली असली तर तिने अजून अंडी घातलेली नाहीत. उलगडलेली असली तर एकदा तरी घातलीत, म्हणजे ती पोक्त आहे, तिच्यापासून सावध. पहिल्या महिन्यात मी दहातली आठ अंडाशयं फाडली. हे करताना मजा येईल असं वाटलं तर डासांकडे ये. त्या पस्तीस आणि अकरामध्येच जीव रमला तर आकड्यांकडे जा, मग देश कुठलाही चालेल.

आता कुठे यायचं ते. लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय रोगांची संस्था १८९८ची, लंडनची १८९९ची, हॅम्बुर्गची १९००ची. तिन्ही बंदरं. जहाजांवरचे खलाशी, व्यापारी, वसाहतींतले अधिकारी तापाने मरत होते, म्हणून या संस्था निघाल्या. रोग त्यांच्या दाराशी तेव्हाही नव्हता, आजही नाही. इथे काय आहे? उपकरणं, अनुदान, गुरू, आणि डासांची खोली. तिला आम्ही इन्सेक्टरी म्हणतो. तापमान २७ अंशांच्या आसपास, आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात. जानेवारीत बाहेरून आत शिरलं की चष्मा आंधळा होतो. अळ्यांना माशांचं खाद्य कुटून घालायचं, प्रौढांना साखरेचं पाणी. एका पिंजऱ्यात केनियातल्या किसुमूवरून नाव पडलेली जात असते. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढलेली, कीटकनाशकाला चटकन बळी पडणारी. शेजारच्या पिंजऱ्यात पायरेथ्रॉइडला, म्हणजे मच्छरदाण्यांवरच्या नेहमीच्या कीटकनाशकाला, न जुमानणारी. मच्छरदाणीच्या तुकड्यावर शंकूखाली पाच-पाच डास तीन मिनिटं ठेवायचे, तासाभराने किती पडले ते मोजायचं, चोवीस तासांनी किती मेले ते. पहिली जात आडवी होते, दुसरी पाय झटकून जाळीवर बसून राहते. हे डोळ्यांनी बघितलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये क्लोरफेनापिर हे वेगळ्या तऱ्हेचं कीटकनाशकही असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस का केली, ते समजावून सांगावं लागत नाही.

पण ही खोली म्हणजे रोग नव्हे. रोग केनियातल्या किलिफीत, मलावीतल्या ब्लँटायरमध्ये, टांझानियातल्या इफाकारात, व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीत भेटतो, आणि तिथेही उत्तम संशोधन केंद्रं आहेत. म्हणून मार्गदर्शक निवडताना माझा निकष एकच: त्यांचं क्षेत्रकाम कुठे आहे, किती वर्षांपासून आहे, आणि त्यांच्या शोधनिबंधांत तिथल्या शास्त्रज्ञांची नावं कितव्या जागी येतात. दोन आठवडे जाऊन नमुने घेऊन परत येणाऱ्या गटात तू पीएचडी करशील, पण रोग शिकणार नाहीस. नाहीतर थेट बँकॉकला किंवा ढाक्याला का जात नाहीस? परदेश म्हटला की थंडीच हवी असं थोडंच आहे!

एमएस्सी की पीएचडी यात एक खाच आहे, ती नीट वाच. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरेट जागा उत्तम असतात. तुला विद्यार्थी म्हणून नाही, नोकरीवर घेतात. पण नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला माणूस चालत नाही. म्हणजे बेल्जियममध्ये वर्षाची एमएस्सी करून तिथेच रेंगाळलास तर बेल्जियममधली जागा हातची गेली. शेजारच्या देशातली मात्र चालेल. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन निधीच्या शिष्यवृत्त्यांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, त्यामुळे स्पर्धा तीव्र. कुटुंब सोबत आणणार असशील तर जानेवारी २०२४पासून ब्रिटनमध्ये वर्गात शिकून करायच्या एमएस्सीवर ते आणता येत नाही, पीएचडीवर येतं. तुझ्या जागी मी असते तर मागे फिल्डवरचा अनुभव असल्याने थेट पीएचडीसाठीच अर्ज केले असते, आणि दरम्यान ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा शिकले असते. सांख्यिकी न येणारा कीटकशास्त्रज्ञ आयुष्यभर दुसऱ्याच्या दाराशी उभा असतो.

व्हिसाच्या कागदांत क्षयाची तपासणी लागते: भारतातून ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्याला छातीचा एक्स-रे काढून दाखला घ्यावा लागतो. माझ्या एक्स-रेत जुन्या न्यूमोनियाचा डाग निघाला. झालं! थुंकीचे नमुने, आणि मग कल्चरची वाट, म्हणजे नमुन्यात जिवाणू वाढतो का ते बघत बसायचं. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो, आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला वीस मिनिटं पुरतात. म्हणून कल्चर निगेटिव्ह म्हणायला आठवडेच्या आठवडे लागतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण त्या दोन महिन्यांत ते अंगी मुरलं, आणि माझी रुजू व्हायची तारीख तेवढी पुढे गेली. तू तपासणी शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस. दाखला सहा महिने चालतो, तेवढा हिशेब कर.

भीतीचं म्हणशील तर डेंगीचा विषाणू ब्रिटनमध्ये चारपैकी तिसऱ्या धोकागटात मोडतो. प्रशिक्षण झाल्याशिवाय त्याच्या प्रयोगशाळेच्या दारातून कुणी आत सोडत नाही, आणि आत गेल्यावर इतके नियम पाळायचे असतात की भीतीला फुरसत नसते. मला उलट क्षेत्रकामात जास्त सावध राहावं लागतं.

नमुन्यांबद्दल आत्ताच सांगते, कारण इथे बरेच जण अडकतात. एका देशातले डास, रक्त, डीएनए मनात आलं म्हणून दुसऱ्या देशात नेता येत नाहीत. परवानग्यांना कधी वर्ष जातं. पीएचडीच्या आराखड्यात ‘नमुने इथे आणून तपासू’ असं वाक्य असेल तर परवानगी आली का, हे मुलाखतीत सरळ विचार. हल्ली उपकरणच नमुन्यांकडे नेता येतं. २०१५मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत संशोधकांनी सामानात मावणारी जनुकवाचक यंत्रं नेऊन तिथेच विषाणूचा क्रम वाचला.

आफ्रिकेत क्षेत्रकाम ठरलं तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घे, त्याआधी प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. पीतज्वराच्या देशातून त्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलास तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, मग तू त्या रोगाचा कितीही मोठा अभ्यासक अस. आणि मार्गदर्शकांना पाठवायच्या मेलचा मसुदा झाला की आधी मला दाखव, तुझ्या फिल्डवरच्या कामाचं वर्णन त्यात पहिल्या ओळीत यायला हवं.