लाइट बंद करून करून थकले, बिल काही हलत नाही

प्रश्न: ताई, आमच्याकडे रोज एकच भांडण. ह्यांना रिकाम्या खोलीत दिवा दिसला की घर डोक्यावर घेतात, मुलांच्या मागे बटणं बंद करत फिरतात, एलईडी पण सगळीकडे लावून झाले, आणि बिल मात्र आहे तिथंच. चुकतंय कुठे?

उत्तर: अहो, बहुतेक घरांत हेच चालतं. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून खुपतो, गीझर बिचारा गुपचूप वीज पितो, त्याच्यावर कोण ओरडणार? एकदा हिशोब करून बघा. २००० वॉटचा गीझर १५ मिनिटं चालला की अर्धा युनिट गेला, आणि तेवढ्याच अर्ध्या युनिटात १० वॉटचा एलईडी ५० तास जळतो, म्हणजे दोन दिवस दोन रात्री आणि वर दोन तास! २०१० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, त्यात ५०५ लोकांना विचारलं की ऊर्जा वाचवायची तर सगळ्यात भारी उपाय कोणता, तर सगळ्यात जास्त वेळा उत्तर आलं, लाइट बंद करा. मोठी उपकरणं किती खातात याचा अंदाज मात्र त्यांनी फारच कमी धरला होता. म्हणजे तुमचे हे एकटे नाहीत.

एसी असेल तर त्याचं वेगळंच. बाहेरून घामाघूम आलं की रिमोट थेट १८ वर, का तर लवकर गार होईल. नळ जास्त सोडला की बादली लवकर भरते तसं वाटतं आपल्याला, पण साधा एसी (इन्व्हर्टरवाला नाही) १८ वर असो की २५ वर, खोली गार करायचा वेग तोच, १८ वर तो फक्त जास्त वेळ चालत राहतो. आणि मग आकडा परत वर करायचं आपण विसरतो ते विसरतोच.

अजून एक, ‘एलईडी आहे ना, राहू दे चालू’ हे तुमच्याकडे कोणी म्हणतं का? एक चांगलं काम केलं की मन दुसरीकडे सूट घेतं. अमेरिकेतच १५४ फ्लॅट्समध्ये लोकांना दर आठवड्याला पाण्याचा वापर कळवला, पाणी सुमारे ६ टक्के कमी झालं आणि वीज साडेपाच टक्क्यांच्या वर वाढली. मला तर हसूच आलं होतं वाचून, कारण जिना चढून आले म्हणून दोन लाडू जास्त खाणारी मी पण त्यातलीच.

तेव्हा ह्यांना बटणांवरून उठवा आणि एक दिवस मीटरसमोर उभं करा, गीझर लावायच्या आधी आकडा बघायचा, बंद केल्यावर परत बघायचा.

प्रश्न: बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळे आपापले युनिट टाकायला लागलो. जास्तवाल्यांचे कमी झाले, पण आमचे कमी होते ते वाढले! असं कसं?

उत्तर: कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये २९० घरांवर हेच करून पाहिलं होतं, २००७ मध्ये ते छापून आलं. शेजाऱ्यांची सरासरी कळल्यावर कमी वापरणारे सैल पडले, ‘आपणच कशाला काटकसर करायची’. पण ज्यांच्या चिठ्ठीवर सरासरीसोबत एक हसरा चेहरा काढला होता, त्यांचा वापर वाढला नाही. ग्रुपवर स्मायली टाकायला तुम्हाला काय लागतं?