‘आधीची नोकरी का सोडलीत?’

“मुलाखतीत खरं बोललो तर निवड होत नाही, खोटं बोललो तर मन खातं. काय करू?” हा प्रश्न माझ्याकडे अनेकजण घेऊन येतात. विक्रीच्या क्षेत्रातला तिशीतला एक तरुणही तोच घेऊन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तीन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या आणि कारण दरवेळी एकच: “तिथे पुढे जायला वाव नव्हता.” मी विचारलं, “शेवटच्या महिन्यात नेमकं काय घडलं?” तो बराच वेळ घुटमळला. अनोळखी लोकांना फोन करायची त्याला धास्ती होती. टार्गेट हुकायला लागलं की साहेबांनी बोलावण्याआधीच तो राजीनामा द्यायचा.

मुलाखतीतल्या थापेपेक्षा मला जास्त काळजी वाटली ती ‘वाव नव्हता’ हे त्याला स्वतःलाच पटल्याची. म्हणून तर तो पुन्हा टार्गेटच्याच, उलट वरच्या जागांसाठी अर्ज करत होता.

फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कंटाळवाणं काम देऊन, ते मजेशीर आहे असं पुढच्याला सांगायला लावलं. त्यासाठी २० डॉलर मिळालेल्यांपेक्षा एकच डॉलर मिळालेल्यांना ते काम नंतर अधिक आवडलेलं दिसलं. खोटं बोलायला पुरेसं कारण नसलं की माणूस आपलं मतच बदलून टाकतो. मुलाखतीसाठी घोकलेल्या उत्तराचंही असंच होतं, असं मला वाटतं.

मी त्याला आधी पूर्ण उत्तर लिहायला सांगितलं, कुणालाही न दाखवण्यासाठी. मुलाखतीतलं उत्तर त्यातूनच निवडायचं. सगळं उघड करायची गरज नसते. कामाशी संबंध नसलेलं आजारपण किंवा घरातले प्रश्न स्वतःपाशी ठेवावेत. तारखा, पद, पगार मात्र खरेच हवेत. पडताळणीत खोटं सापडलं तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते.

त्याचं नवं उत्तर असं होतं: “नवे ग्राहक मिळवण्यात मी कमी पडलो. असलेले ग्राहक सांभाळणं मला जमतं, म्हणून या जागेसाठी आलोय.” पहिल्या ठिकाणी नकार आला आणि तो खचला. दुसरीकडे चिडलेल्या ग्राहकाला कसं हाताळलं ते विचारलं, तेव्हा सांगायला त्याच्याकडे खरा प्रसंग होता. ती नोकरी मिळाली. फोनची धास्ती अजून आहे. आमच्या भेटी आता त्यासाठीच चालू आहेत.