बाबांचं माझ्यात उतरलंय, आता माझ्या मुलांत उतरेल का?

‘खाण तशी माती म्हणतात ना मॅडम, तसंच आहे आमचं.’ वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या शब्दांत ही चिंता माझ्यापर्यंत पोचत राहते. कुणाचे वडील पीत असतात, कुणाच्या आईला कायमची धास्ती असते, कुणाच्या काकांवर मानसोपचार चालू असतात. समोर बसलेली व्यक्ती बहुधा तिशीच्या आसपासची आणि लग्नाचा किंवा मुलाचा निर्णय तोंडावर आलेला.

गोव्यात पिण्याचा विषय जास्त वेळा निघतो. काजूच्या मोसमात हुर्राक, एरवी फेणी, आणि चार पावलांवर बार. पिणं इथे लपवावं लागत नाही, त्यामुळे सवयीचं व्यसन कधी झालं ते घरच्या मोठ्यांनाही उशिरा उमगतं. मुलांना मात्र फार आधी कळतं. गेट कसं ढकललं गेलं यावरून ती ओळखतात, की आज पुस्तक उघडं ठेवून बसायचं की झोपेचं सोंग घ्यायचं.

पूर्वी लोक ‘रक्तातच आहे’ म्हणायचे. अलीकडची तरुण मुलं ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात, म्हणजे जनुकं तीच राहून त्यांचं वाचन बदलणाऱ्या खुणांचं शास्त्र. आजीचं दुःख तुमच्या पेशींत साठलंय, असं सांगणारे व्हिडिओ बघून ती आलेली असतात. म्हणून शर्वरीची हकिगत सांगावीशी वाटली, कारण हा विषय तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होता आणि तरीही ती त्यात अडकली होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला तिची संमती आहे.)

शर्वरी फोंड्याच्या बाजूच्या एका गावातली. एका विद्यापीठात एपिजेनेटिक्स आणि प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत पीएचडीचं काम करत होती. अशा लॅबमधली बरीच मुलं-मुली मी पाहिली आहेत. बाहेरच्यांना वाटतं, पांढरा कोट घालून एसीत बसायचं. प्रत्यक्षात पेशींना रविवार कळत नाही. त्यांचा मीडिया, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायला सुटीच्या दिवशीही कदंबची बस पकडावी लागते. अँटिबॉडीचा नवा लॉट आला आणि चालला नाही, की कित्येक महिन्यांची मेहनत बसते. इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली की सगळ्या प्लेट टाकून द्यायच्या. वीज गेली की उणे ऐंशीच्या फ्रीजरच्या काळजीने टेक्निशियन रात्रीबेरात्री धावतो. त्यात फेलोशिपची पाच वर्षं सरत असतात आणि गावातली मावशी विचारत असते, ‘अजून शिकतेसच का गं?’

शर्वरीच्या तक्रारी दोन होत्या. लॅब मीटिंगमध्ये ती थिजायची. गाईड नुसते दार ढकलून आत आले, तरी हातातली पिपेट हवेत तशीच राहायची. सर आवाज चढवणारे नव्हते, हे ती स्वतःच सांगायची. तरी फसलेला प्रयोग त्यांना दाखवायची तिची हिंमत होत नसे. चांगल्या आलेल्या जेलचे, म्हणजे प्रयोगाच्या निकालाचे, फोटो तेवढे स्लाइडवर जायचे, बाकीचे लॅपटॉपमधल्या एका फोल्डरमध्ये पडून. दुसरी गोष्ट लग्नाची. मुलगा वेर्ण्याला औषध कंपनीत, दोन्ही घरांचा होकार होऊन वर्ष उलटलेलं, आणि ही तारीख धरू देत नव्हती.

पहिल्याच भेटीत तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि मला शिकवायला सुरुवात केली. डीएनएचा दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवर रासायनिक खुणा बसतात आणि कुठला भाग उलगडायचा, कुठला गुंडाळून ठेवायचा ते त्यावर ठरतं. अक्षरं तीच राहतात, वाचन बदलतं. ती ज्यावर काम करत होती त्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. त्यांना बीसीजीची लस किंवा बुरशीच्या पेशीभित्तीतलं बीटा-ग्लुकान एकदा दाखवलं आणि काही दिवस शांत ठेवलं, तर पुढे भलताच जंतू आला तरी त्या जास्त जोराने तुटून पडतात. 2011 साली संशोधक मिहाई नेतेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘ट्रेन्ड इम्युनिटी’ (सराव झालेली प्रतिकारशक्ती) असं नाव दिलं. एवढं सांगून तिने पेन खाली ठेवलं.

‘पेशी विसरत नाहीत मॅडम. मग मी कशी विसरेन? बाबा रात्री यायचे तेव्हा मी जशी गोठायची, तशीच आज लॅबमध्ये गोठते. खुणा बसल्यात. आणि आमची आत्या तर लहानपणापासून म्हणते, ही बापायचेर गेल्या, बापावर गेलीय.’

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची समुपदेशक आहे. 1955 पासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी जी पद्धत घडवली, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि इतक्या वर्षांच्या कामात तो वाढतच गेला आहे. या पठडीत आम्ही समोरच्याच्या भूतकाळाशी भांडत नाही. त्या भूतकाळावरून तो आज कोणता निष्कर्ष काढतोय, तेवढं तपासतो. शर्वरीचं बालपण खरं होतं, शास्त्रही खरं होतं. म्हणून मी तिला धीर वगैरे दिला नाही, प्रश्न विचारले.

‘तुझ्या पेशींवर खुणा बसल्यात, असं तू म्हणतेस. कुणी तपासल्या?’

‘नाही तपासल्या.’

‘बरं, तपासल्या आणि सापडल्या असं धरू. त्या बाबांच्या पिण्यामुळेच बसल्या, परीक्षांमुळे किंवा जागरणांमुळे नाही, हे कशावरून?’

ती काही बोलली नाही.

‘तुझी ज्युनिअर एवढ्याच आधारावर निष्कर्ष घेऊन लॅब मीटिंगला आली, तर तू तिला पहिलं काय विचारशील?’

‘कंट्रोल कुठे आहे?’ उत्तर ताबडतोब आलं. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, तो बदल न केलेला नमुना. रोजच्या सवयीचं वाक्य होतं ते. ते तोंडातून निघाल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला.

मी थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, ‘आणि सँपल किती?’

‘एक,’ ती म्हणाली. ‘मीच.’ आणि इतक्या वेळात पहिल्यांदा ती मोकळी हसली.

या क्षणाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण समुपदेशनात अशी जागा मागून मिळत नाही. मी तिला कुठलीही नवी माहिती दिली नव्हती. प्रयोगशाळेत रोज वापरायची ती काटेकोर बुद्धी तिने स्वतःच्या बाबतीत कधी वापरलीच नव्हती. हुशार माणसांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा पाहते. त्यांची भीती अडाणी नसते. ती खरे शोधनिबंध वाचते, खरे आकडे गोळा करते, फक्त प्रत्येक शोधाला जोडलेल्या अटी गाळून टाकते. म्हणून अशा माणसाला ‘तू उगाच घाबरतेस’ म्हणणं फुकट जातं. तिच्याच शास्त्रातला गाळलेला भाग तिला तिच्याच तोंडून म्हणायला लावावा लागतो.

पुढच्या भेटीला ती तयारीनिशी आली. 2004 साली मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाने उंदरांवर केलेलं काम तिला पाठ होतं. ज्या आया पिल्लांना कमी चाटतात, त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर जास्त घाबरट होतात आणि मेंदूतल्या एका जनुकावर तशा खुणा सापडतात. आतापर्यंत ती इथेच थांबत होती. आता तिने पुढचं सांगितलं. पिल्लांची अदलाबदल केली तेव्हा ती सांभाळणाऱ्या आईच्या वळणावर गेली, जन्मदात्रीच्या नाही. शिवाय वाढलेल्या उंदरांतही औषधाने ती खूण बदलता आली. मग 1944-45 च्या हिवाळ्यातला नेदरलँड्समधला दुष्काळ. त्या काळात गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर साठ वर्षांनीही फरक दिसला, हे 2008 साली प्रसिद्ध झालं. पण ती उपासमार त्या बाळांनी गर्भात स्वतः सोसली होती, आजी-आजोबांकडून ती वारशाने आलेली नव्हती. आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाताना, बीजपेशींत आणि गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत, डीएनएवरच्या बहुतेक खुणा पुसल्या जाऊन नव्याने मांडल्या जातात. माणसांत असा वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, याचा पुरावा फारच तुटपुंजा आहे.

‘आणि हे तर माझ्याच विषयातलं,’ ती म्हणाली. जिवाणूंच्या विषारी अंशाने मोनोसाइट पेशी बधिर पडतात, नव्या जंतूला नीट उत्तर देत नाहीत. 2016 च्या एका अभ्यासात अशा बधिर पेशींना बीटा-ग्लुकान दिलं, तर त्यांची उत्तर देण्याची ताकद बरीचशी परत आली. ‘हे मी सेमिनारमध्ये दोनदा शिकवलंय मॅडम. पण ते माझ्याबद्दल असेल, असं कधी मनातच आलं नाही.’

मी तिला तिच्या धाकट्या भावाबद्दल विचारलं. तेच घर, तेच आईबाबा, तीच रात्र. भाऊ थिजत नव्हता. तो बाबांना उलट बोलायचा, मग भजनाला निघून जायचा. ‘म्हणजे कंट्रोल घरातच होता,’ ती पुटपुटली. अर्थात भाऊही पूर्ण कंट्रोल नाही, हे तिनेच लगेच सांगितलं. मुलगा आणि मुलगी यांना घरात मिळणारी वागणूक सारखी नसते. तिची ही दुरुस्ती मला फार आवडली. भीती मागे हटली की माणूस असा अचूक होतो.

पण खरी गाठ अजून सुटायची होती. मी विचारलं, ‘समज, तुझं मूल पुढे पिऊ लागलं.’

‘तर ते माझ्यामुळे.’

‘आणि तसं होणार नाही याची खात्री मिळेपर्यंत?’

‘लग्न नको.’

इथे विज्ञानाचा प्रश्न संपला होता. आपलं मूल सुखरूप राहावं ही कुठल्याही आईची रास्त इच्छा. शर्वरीने त्या इच्छेची अट करून टाकली होती: हमी मिळालीच पाहिजे, नाहीतर मला हक्कच नाही. जगातल्या कुठल्याही आईला न मिळालेली हमी ती मागत होती. लॅबमध्येही तेच. प्रयोग फसता कामा नये, फसला तर मीच नापास. दोन तक्रारींच्या मुळाशी एकच अट होती, आणि माझ्या मते हे ध्यानात येणं हाच या साऱ्या कामाचा गाभा होता.

मी तिला खोटा दिलासा दिला नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून असं दिसतं, की मद्याच्या व्यसनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण अर्धा आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. तो आकडा लोकसंख्येचा आहे. एका मुलाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. उरलेल्या अर्ध्यात घर, संगत, कितव्या वर्षी पहिला घोट घेतला, मन मोकळं करायला माणूस होता की नव्हता, हे सगळं येतं. तिथे आईवडिलांना करण्यासारखं पुष्कळ असतं.

मग तिने दोन कामं करायची ठरवली. पुढच्या लॅब मीटिंगला पहिली स्लाइड फसलेल्या वेस्टर्न ब्लॉटची, म्हणजे प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीची. हात कापले, पण ती बोलली. सर म्हणाले, ‘ब्लॉकिंग बदलून बघ, माझंही असं झालं होतं,’ आणि पुढच्या स्लाइडकडे वळले. बाजूच्या पोस्टडॉकने (पीएचडी झाल्यावर संशोधन करणाऱ्याने) नंतर चहाच्या वेळी आपले तसलेच ब्लॉट उघडून दाखवले. दुसरं काम अवघड होतं, होणाऱ्या नवऱ्याला बाबांबद्दल सगळं सांगायचं. तो म्हणाला, ‘मला माहीत आहे. तुमच्या गावात कुणाला माहीत नाही?’ तिला आधी रागच आला. हे तिने मला चिडूनच सांगितलं, आणि सांगता सांगता रडली. महिन्याभरात तारीख ठरली.

बाबा अजून पितात. पूर्वीपेक्षा कमी. ‘ते बदलणारच नाहीत’ हे ठाम मत मात्र तिने सोडलं आहे, आणि त्यालाही आधार गोव्यातलाच आहे. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगात’ या संस्थेने केलेली चाचणी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी थोड्याच भेटी दिल्या, तरी घातक पिण्यातून बाहेर आलेल्या पुरुषांचं प्रमाण 36 टक्के होतं. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांत ते 26 टक्के होतं.

तुमच्या घरी असा इतिहास असेल तर तो जोडीदारापासून आणि डॉक्टरांपासून लपवू नका. स्वतःच्या पिण्याबाबत इतरांपेक्षा कडक राहा. मुलांना वयात येण्याआधीच घरातलं खरं सांगा, कुजबुजीतून कळू देऊ नका. ‘अगदी बापावर गेलाय’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका, मुलाने ते खरं करून दाखवायला वेळ लागत नाही. संशोधक मुलांच्या गाईडना माझी विनंती आहे, की महिन्यातून एक मीटिंग फक्त फसलेल्या प्रयोगांसाठी ठेवा. आणि थिजणं, झोप उडणं, घशाखाली घास न उतरणं आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, तर व्हिडिओ बघत बसू नका. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत दाखवता येतं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.